कच्च्या पानांची मुदत

सरकारी क्वार्टर लांबवायला लोक नाना कारणं देतात. कुणाच्या मुलीची दहावी असते, कुणाची सासू नेमकी तेव्हाच आजारी पडते. निवृत्त झालेल्या गांगुर्डेकाकांनी अर्जात सरळ लिहिलं होतं, 'सायकसला नवी पानं फुटत आहेत, सबब दीड महिना मुदत मिळावी.'

अर्थातच मुदत मिळाली नाही आणि क्वार्टर आम्हाला मिळालं. नाशिक रोडला, तळमजल्यावर, पुढे व्हरांडा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सामानाचा टेम्पो घेऊन पोचलो, तेव्हा काकांचे अरेका पाम, बॉटल पाम, फॅन पाम सगळे त्यांच्या नव्या फ्लॅटवर गेले होते. दाराच्या तोंडाशी फक्त एक ढोलाएवढी कुंडी होती आणि तिच्या शेजारी काका.

"हा पाम राहिला वाटतं?" मी विचारलं.

"पाम नाय ताई, सायकस हाय!" काकांना ते फार लागलं. "पाम अधूनमधून एकेक पान काढतो. हा वर्षातनं एकदा, पण सगळी एकदम. आता कोवळी हायेत. कुंडी फिरवली की वाकडी होतात, अन् मग वर्षानुवर्षं तशीच राहतात. टणक झाली की नेतो. घाई कुणाला हाय?"

घाई मला होती. त्या कुंडीपायी आमचं लोखंडी कपाट दारातून आत जाईना. ते व्हरांड्यातच राहिलं, आणि मी रोज सगळ्या कॉलनीच्या साक्षीनं साड्या निवडू लागले.

काका रोज सकाळी आठला जेल रोडवरून सायकल मारत यायचे. कुंडीभोवती खडूची रेघ होती, ती आधी तपासायचे. दाराला पडदा लावायचा नाही, वाऱ्यानं उडून पानांना लागतो. पोस्टमननं लांबून पत्र द्यायचं. एका रविवारी ह्यांनी कपाटासाठी कुंडी दोन बोटं सरकवली. सोमवारी काका फाटकातूनच ओरडले, "हात कुणी लावला?" ह्यांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. कुंडी रेघेवर आणायला काकांना अर्धा तास लागला, आणि मग चहा प्यायला आणखी एक तास. मी कुरकुरत होते, पण सकाळी एक कप जास्तीचा टाकायची सवय मला कधी लागली ते कळलंच नाही.

दीड महिना संपला, दोन झाले. पानं काळपट हिरवी झाली. लादी पुसताना मला सुईसारखी टोचायची. काका मात्र बोटानं चाचपून म्हणायचे, "अजून कच्ची हायेत." आता स्पष्ट बोलायचंच असं मी ठरवलं, आणि त्याच सकाळी त्यांचा मुलगा टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आला. तो ओझरला कारखान्यात होता, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. त्यानं पानाला हात लावला मात्र, बोटावर रक्ताचा थेंब आला.

"बाबा, ही कच्ची? उचला रे!"

काका पायरीवर बसून नुसते जमिनीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा माझ्यानं बघवेना.

"थांबा," मी म्हणाले. "आतली पानं अजून मऊ आहेत. आज हलवलंत तर झाड वाया जाईल. महिनाभर तरी राहू द्या."

मुलगा बोट चोखत माझ्याकडे बघत राहिला. टेम्पो रिकामाच परत गेला.

मी चहा आणून दिला. कप हातात घेऊन काका म्हणाले, "ताई, पोरगा-सून कामाला गेली की तिसऱ्या मजल्यावर दिवसभर दार वाजत नाय. तुमची काकू गेली तेव्हा इथं येता-जाता कुणी ना कुणी बोलायचं, म्हणून निभलं. कुंडी नेली, की इकडं कोणत्या तोंडानं येऊ?"



"कुंडीचं सोडा हो काका," मी म्हणाले. "उद्या थालीपीठं लावणार आहे. घरून काही खाऊन येऊ नका."

काकांनी मान हलवली. मग आत जाऊन स्वतःचा कप विसळला, ओट्यावर पालथा घातला आणि सायकल काढली.