घमाजी मुंगसाचा बेडूक

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांच्या हातात मोबाइल आला होता. ज्यांना हात नव्हते त्यांनी तो शेपटीत धरला होता. तिथे घमाजी नावाचं एक मुंगूस राही. त्यानं एक गेम बनवला. हिरवा बेडूक ओढ्यातल्या दगडांवरून टुणटुण उड्या मारत पलीकडच्या काठाला जाई. काठ आला की गेम संपला.

जनावरं खेळत, जिंकत आणि खुशीत घरी जात. घमाजीला मात्र कुणी साधं जांभूळही देत नसे.

"अहो, बेडूक पोचला. आपलं पोट कधी भरायचं?" त्याची बायको यमुना विचारी.

शेवटी घमाजीनं टिटवीबाईंना गाठलं. टिटवीबाई दिवसभर काठाकाठानं फिरत आणि कोण कुठे अडखळतं ते टिपून ठेवत. याला त्या डेटा म्हणत. निम्म्या कमाईच्या बोलीवर त्या कामाला आल्या.

"घमाजीराव, लोक तुमचा गेम सोडतात कधी?"

"जिंकल्यावर."

"मग जिंकू कशाला देता?"

इतकी सोपी गोष्ट आपल्याला सुचू नये, याची घमाजीला लाज वाटली.

मग काय विचारता. शेवटच्या दगडापाशी बेडूक धपकन पाण्यात पडू लागला. वाचवायचा असेल तर जांभूळ टाका. माकड चिडलं की जांभूळ टाकतं, असं डेटात दिसलं. म्हणून ते चिडेपर्यंत त्याचा बेडूक बुडू लागला. सशाला शेजारचा ससा पुढे गेलेला दाखवला की पुरे. हत्ती तर न मागताच सोंडभर देई, म्हणून त्याच्या बेडकाला सोन्याचा मुकुट मिळाला. मोर पिसारा फुलवायचं विसरला. घमाजीचं बीळ जांभळांनी इतकं भरलं की नवराबायको बाहेर झोपू लागले.

एके दिवशी यमुना म्हणाली, "एवढं नाव झालंय तुमचं. एकदा मला बेडूक पलीकडे पोचलेला दाखवा की."

"त्यात काय, गेम माझाच आहे," म्हणत घमाजी खेळायला बसला.

बेडूक पडला. घमाजीनं जांभूळ टाकलं. बेडूक पुन्हा पडला, अगदी थोडक्यात. "आता पोचतोच बघ," म्हणत त्यानं मूठभर टाकली. जांभळं त्याच्याच बिळातून निघत, निम्मी टिटवीबाईंकडे जात, निम्मी बिळात परत येत. कमाईचा आलेख सरसर वर चढत होता. धंदा जोरात आहे, या आनंदात घमाजी जेवायचंसुद्धा विसरला. बघता बघता बीळ रिकामं झालं आणि यमुना माहेरी निघून गेली. तेव्हा कुठे तो टिटवीबाईंकडे धावला.

"बाई, काठ आता किती लांब राहिला?"

"काठ?" टिटवीबाईंनी मान तिरकी केली. "तो आपण मागेच काढून टाकला नाही का? तुम्हीच हो म्हणालात. काठ दिसला की गिऱ्हाईक घरी जातं."

घमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मोबाइलकडे पाहिलं. बेडूक शेवटच्या दगडावर उडीच्या बेतात बसला होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "एक जांभूळ उसनं द्याल?"

तात्पर्य : मुलांनो, चिकाटी कधी सोडू नका. नेटानं प्रयत्न करत राहिलं की एक ना एक दिवस काठ येतोच. आजच्या दिवस पहिली उडी फुकट आहे.