उंट बाराव्या घरात

"या रविवारी डॉक्टरांना धूळ चारली नाही, तर दुकानाला कायमचं कुलूप!" औषधवाल्या भाऊंनी शटर उघडता उघडता जाहीर केलं. बायको खोकल्याच्या बाटल्या फळीवर लावत राहिली. गेले आठ रविवार ती हेच ऐकत होती.

भाऊंच्या मते सगळा दोष डॉक्टरांच्या सुरुवातीचा. सरळमार्गी माणूस बुद्धिबळात मधली प्यादी पुढे काढतो. डॉक्टर मात्र कडेजवळच्या घोड्यापुढचं प्यादं हळूच एक घर सरकवतात, आणि त्या फटीतून त्यांचा उंट तिरका बघत बसतो, पडद्याआडून शेजारी बघतो तसा! म्हणून भाऊंनी काल दवाखान्यात जाऊन गेल्या डावाच्या चाली मागितल्या. पेशंटच्या गर्दीत डॉक्टरांनी एक कागद त्यांच्या हातात कोंबला.

काउंटरवर पट मांडून भाऊंनी तो उघडला.

"बी-तीन! बघ, तेच प्यादं! बी-सहा, हा मी. डी-तीन... बी-बारा?"

घरं मोजली. आठच! पट फिरवून मोजली. तरी आठच!

"अगं, त्या फटीतून यांचा उंट थेट बाराव्या घरात जातो! मग मी हरणार नाही तर काय!"

तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या मावशी डोळे पुसत आल्या. "भाऊ, नुसता थकवा होता हो मला! डॉक्टरांनी चौपन्न औषधं लिहिली! शिलाई मशीनसुद्धा सुनेला देऊन टाकलं मी!"

मावशी आपला कागद काउंटरवर ठेवून पदरात नाक शिंकरू लागल्या. बायकोनं दोन्ही कागद शेजारी धरले आणि नवऱ्याच्या कानाशी लागली. "अहो, तुमच्या कागदावर तर जीवनसत्त्वं आहेत. वीस वर्षं विकताय! तुमचा डाव मावशींकडे गेलाय."

भाऊंचे कान लाल! कागदांची अदलाबदल झाली म्हणत त्यांनी झटपट मावशींना गोळ्या दिल्या आणि खरा कागद घेऊन पटावर चाली लावू लागले. अकराव्या चालीला हात थबकला.

"इथे तुम्ही वजीर फुकट घालवलात," बायको म्हणाली. आठ रविवार चहा देता देता ती खेळ शिकली होती. "तोवर तुम्हीच वरचढ होतात की! त्या घोड्यापुढच्या प्याद्याचा काय दोष?"

भाऊंनी वजीर उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

गोळी गिळून मावशींनी विचारलं, "मग तो चौपन्न औषधांचा कागद कोणाचा हो?"

"आहे एक... ओळखीतला," भाऊ पुटपुटले.

"अरेरे!" मावशी कळवळल्या. "सुधारायची काही आशा आहे का बिचाऱ्याची?"