ठकूबाईंचे परवान्यावर बायकांचा कौल जाहला त्याची हकीकत

श्री. विघ्नहर्ता लिहिणाऱ्याचे हाती खरे देवो, वाचणाऱ्यास सवड देवो, आणि ज्यांची नावे यांत आली त्यांस राग न देवो. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एक पेठ होती, आणि त्या पेठेवर नगरसभेचे राज्य होते, आणि सभेचे अध्यक्ष हैबतराव मिराशे हे गादीवर होते. गादी म्हणजे खुर्चीच, परंतु तीवर टॉवेल अंथरिला असे, म्हणोन गादी म्हणावयाची. त्या पेठेत सरकारमान्य देशी दारूचे दुकान एकच, ते ठकूबाई शेलवले यांचे. यजमान कैलासवासी जाहले, तेव्हा परवाना बाईंचे नावे जाहला, आणि बाईंनी पदर खोचोन गल्ला संभाळिला. बाईंचा स्वभाव करडा. मिसरूड न फुटलेल्यास बाटली नाही, दुकानात शिवीगाळ नाही, आणि मापात थेंबाची लबाडी नाही. पेला काठोकाठ भरावा, वरून सांडला तरी चालेल, परंतु उणा नको, ऐसी शिस्त. याच दुकानावर बाई आणि अंथरुणास खिळलेल्या सासूबाई दोन वेळ जेवीत होत्या. शेत नाही, मूल नाही, माहेरही राहिले नाही.

आणि माप खरे असले तरी पिणाऱ्याचे घरी जे व्हावयाचे ते होतच होते. पेठेत पारूबाई डफळ म्हणोन गवंड्याची बायको होती. तिचे यजमान दिवसा देवमाणूस, आणि दिवे लागले की घरातील भांडी अंगणात. तेव्हा पारूबाईंनी बायका जमविल्या आणि सभेकडे अर्ज गुदरिला, की सरकारी नियमाप्रमाणे आमचा कौल घ्यावा. नियम ऐसा की पेठेतील बायकांनी उभी बाटली किंवा आडवी बाटली यांपैकी एकीस मत द्यावे. उभीस दिले तर दुकान चालो, आडवीस दिले तर उठो, आणि निम्म्याहून अधिक जणींनी आडवी म्हटली तर परवाना रद्द. अर्ज दिला आणि मग पारूबाई आपण होऊन ठकूबाईंचे घरी गेल्या, कारण मागून वार करणे त्यांचे रीतीत नव्हते.

"आक्का, तुमचं माझं भांडण नाही," पारूबाई बोलिल्या. "पण दुकान मी उठवणार."

"उठव की. मग म्हातारीचं औषध तू आणणार का?"

"मी कुठनं आणू? मला माझंच झेपंना."

"मग तू तुझं बघ, मी माझं बघते. चहा घेतीस ना?"

आणि दोघींनी चहा घेतला.

पुढे कौलाचा दिवस उजाडला. मतांची यंत्रे जिल्ह्याचे निवडणुकीस गेली होती, म्हणोन अध्यक्षांनी आज्ञा केली की जुने रीतीने घ्यावे. मग सभेचे मागील खोलीत दोन मडकी मांडिली, आणि डाव्या मडक्यापुढे रिकामी बाटली उभी केली, आणि उजव्यापुढे दुसरी आडवी निजविली, आणि दारास पडदा लाविला. प्रत्येक बाईस एक चिंचोका द्यावा, तिने आत जावे, हव्या त्या मडक्यात टाकावा आणि गुमान बाहेर यावे. ठकूबाई पेठेतल्याच रहिवासी, त्यांसही चिंचोका मिळाला. त्या सर्वांआधी आत गेल्या, बाहेर आल्या आणि ओसरीचे खांबास टेकून बसल्या. मग बायकांची रीघ लागली. दुपारपर्यंत सर्व जणी उरकल्या, आणि सभासद जेवावयास उठले.

येथे घात जाहला. सभेचा शिपाई सटवाजी, इमानी आणि टापटिपीचा. सभेची दर शनिवारी एक खाजगी बैठक होत असे. तीत काय ठरे हे कोणास ठाऊक नाही, परंतु रविवारी पहाटे सटवाजीने जावे, आणि जागोजाग लवंडलेल्या बाटल्या उचलोन भिंतीशी ओळीने उभ्या कराव्या, ऐसा त्याचा बहुत वर्षांचा परिपाठ. तो दुपारी केर काढावयास आत गेला, आणि एक बाटली पडलेली पाहिली, आणि हातास सवय होती तैसे केले. वर फडक्याने पुसलीही.

सायंकाळी पंचांसमक्ष पडदा सारिला, तो दोन्ही मडक्यांपुढे बाटल्या ताठ उभ्या. उजवे मडके भरोन चिंचोके खाली सांडले होते, आणि डाव्याचा तळही झाकला नव्हता. हैबतरावांनी क्षणभर पाहिले. दुकान उठले तर शनिवारची अडचण होती, हे त्यांचे ध्यानी होते. मग घसा खाकरोन निवाडा दिला, की दोन्ही बाटल्या उभ्या, सबब सर्व मते उभीसच पडली, पेठेने एकमुखाने परवाना राखिला. बायकांनी एकच गलका केला, की उजवी आडवीच होती, आम्ही डोळ्यांनी पाहिली. हैबतराव बोलिले, "तुम्ही अर्जदार. अर्जदाराची साक्ष धरत नाहीत." सटवाजीस विचारिले, त्याने अध्यक्षांचे मुद्रेकडे पाहिले, आणि म्हणाला, "माझ्या काय ध्यानात नाही, साहेब." एकदा कौल जाहला की वर्षभर दुसरा नाही, आणि वर्षभरात घरी काय काय फुटेल हे पारूबाईंस माहीत होते.

मग रीतीप्रमाणे परवानेदारास पुसावयाचे राहिले. आपल्याच नुकसानीची साक्ष कोणी दिली तर ती मात्र धरावी, ऐसा सभेचा शिरस्ता होता. हैबतराव हसतमुखाने बोलिले, "ठकूबाई, तुमची काही हरकत नाही ना?" ठकूबाईंस निवाडा ऐकोन जिवात जीव आला होता, हे लपवावयाचे कारण नाही. म्हातारीचे औषध सुटले नाही, एवढेच त्यांचे मनात आले. परंतु डोळे त्या उजव्या मडक्यावरून हलेनात. या पेठेत कोणाची बाळंतपणे त्यांनी काढिली, कोणाचे आजारपणी रात्री जागविल्या, आणि इतक्या जणींस आपले दुकान नको जाहले, हे पाहोन त्यांस फार वाईट वाटले. मग त्या उभ्या राहिल्या.

"उजवी बाटली आडवी होती," त्या म्हणाल्या. "सकाळी सगळ्यांत आधी मी आत गेले. मी बघितली."

"बाई, नीट विचार करून बोला. परवाना जातोय तुमचा."

"कळतंय मला."

"म्हणजे तुम्हीपण आडवीलाच टाकला म्हणा की चिंचोका."

"मी का टाकीन? माझं दुकान हाये, मी उभीलाच टाकला. पण डाव्या मडक्यात माझ्यासारख्या चार-दोनच हायेत, आन् उजवं सांडतंय. दारू विकली मी, पण माप कुणाचं मारलं नाही. ह्या बायांचं काय म्हणून मारू?"

हैबतरावांनी टॉवेल नीट केला, आणि परवाना रद्द ऐसे लिहविले. तेव्हा पारूबाई पुढे जाहल्या आणि ठकूबाईंचे पाया पडावयास वाकल्या. ठकूबाईंनी पाय मागे घेतले.

"पाया नको पडू," त्या म्हणाल्या. "मला काम बघ कुठं तरी."

येणेप्रमाणे कौल जाहला. पेठेत दिवेलागणीस भांड्यांचा आवाज कमी जाहला, अगदीच थांबला नाही. सभेची शनिवारची बैठक नदीपलीकडचे पेठेत भरू लागली, आणि सटवाजी तिकडेही जातो. पेठेतील बायका ठकूबाईंस रस्त्यात थांबवितात आणि धन्य धन्य म्हणतात. कामास मात्र अद्याप कोणी बोलाविले नाही. कळावे.