मांडणीचं गिऱ्हाईक

थोरल्याचं वागणं आईला खटकायला लागलं होतं. एरवी ऑफिसातून आला की मोबाइलात तोंड खुपसणारा हा पोरगा, आता समोर बसून साखर पेरत विचारायचा, “आई, स्वयंपाकघरात तुला नेमकं काय हवंय?”

जन्मात कुणी विचारलं नव्हतं. आईने ओळखलं, कुठंतरी पाणी मुरतंय. आपल्याला ओट्यापासून हटवून सगळं सुनेच्या हाती द्यायचा घाट आहे.

“बायकोने पढवलंय का रे?”

“ऑफिसचं ट्रेनिंग आहे गं, प्रॉडक्ट ओनरचं. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायचं, थोडं थोडं करून दाखवायचं, बदल सांगितला की हसत करायचा. सरावाला तुझी भांड्यांची मांडणी घेतलीय. पास झालो तर नवी टीम माझ्या हाताखाली.”

“आणि गिऱ्हाईक कोण?”

“तू.”

पोटचा पोरगा आईला गिऱ्हाईक म्हणतो, म्हटल्यावर संशय पक्काच झाला.

सुताराने जुनी मांडणी उतरवली. भांडी आईच्या पलंगावर गेली, आई सोफ्यावर आली आणि भिंतीवर एकच फळी लागली.

“कसं वाटतंय?”

“अर्धवट.”

“अर्धवटच दाखवायचं असतं.”

“हे शिकवणाऱ्याचं घर एकदा बघायला हवं.”

मग आईने डोकं चालवलं. मांडणी पुरीच झाली नाही, तर आपल्याला हटवतील कसे? फळी उंच आहे, म्हणाली. खाली आली. आता वाकावं लागतं, म्हणाली. वर गेली. मग खिडकीकडे सरकली. थोरला दर वेळी हसून “चालेल” म्हणायचा.

“आजी, भिंतीची चाळण झाली,” सुतार म्हणाला. “एकदाचं ठरवा ना.”

“तुला काय घाई? विचारतोय तो मला, तुला नाही.”

सून पलंगावरच्या ढिगात झारा हुडकत होती. “आई, आता हो म्हणून टाका हो.” ती असं म्हणाली म्हणूनच आईने आणखी एक फळी हलवायला लावली.

पण हल्ली थोरल्याला यायला उशीर झाला की आईचे डोळे दाराकडे लागत. आज कसली खोड काढायची, ते सकाळीच ठरलेलं असे.

खोड काढायला जागाच उरली नाही, तेव्हा अखेर मांडणी पुरी झाली. ओट्यापाशी आईच उभी होती, कुणी हटवलं नव्हतं. लॅपटॉपमधल्या ट्रेनिंगच्या मास्तरांनी विचारलं, “आजी, समाधान झालं का? तुम्ही हो म्हणालात की हा पास.”

थोरला हात जोडून उभा होता.

“पास झाला की हा मला विचारायला येणार का?”

“आता कशाला? कोर्स संपला,” मास्तर म्हणाले.

आईने पदर खोचला आणि थोरल्याकडे वळली.

“अजून कच्चा आहेस रे तू. आणखी महिनाभर शीक.”