उस्ताद बाबिकर गेले तो शुक्रवार

शुक्रवारी सकाळी नेस्टरने सुकी तारली खायचा हट्ट धरला, तेव्हा त्याच्या बायकोने, मारिसेलने, आधी उठून दार लावले.

"हळू बोल. समोरच्या मादाम इनायत ऐकतील."

"मासा काय ओरडतो का?"

"ओरडत नाही, घमघमतो! त्यांच्या एका फोनवर मालकाने खालचं बिऱ्हाड हलवलं. आपण तर नवे. वासाची एक तक्रार आली की आपणही रस्त्यावर."

नेस्टरला ते ठाऊक होते. आखातातल्या उम्म अल क्वैनमध्ये, खाडीकाठी एवढ्या भाड्यात अशी जागा परत मिळणार नव्हती. पण आठवडाभर तो बोटींच्या कारखान्यात रंग हुंगत होता आणि आईने गावाकडून, सामार बेटावरून पाठवलेली तारली कपाटात पिशवीत पिशवी गुंडाळून पडली होती. माणसाने धीर धरायचा तरी किती?

मारिसेल दातांच्या दवाखान्यात कामाला होती, त्यामुळे तिचे सगळे व्यवस्थित. तिने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, खिडक्या लावल्या, आणि वासाला कुठूनतरी वाट हवी म्हणून बाथरूमचा पंखा सुरू केला. तो पंखा ज्या बोळकांडीत हवा फेकत होता, तिच्यातच शेजारच्या बाथरूमची खिडकी उघडत होती, हे मात्र तिला माहीत नव्हते.

ज्यांच्या शेजारी कधी बोंबील भाजले गेले आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको.

"मोतालेब! अरे ए मोतालेब! वर ये, काहीतरी मेलंय इथे!"

मादाम इनायत मूळच्या इजिप्तच्या, आणि त्यांचा आवाज अजून तिथपर्यंत पोचत असावा. बंगाली वॉचमन मोतालेब धावत वर आला. दार बंद ठेवले तर संशय येईल म्हणून मारिसेलही बाहेर आली.

"मांजर असेल," ती म्हणाली.

"मांजर? उंट मेला तरी एवढा वास यायचा नाही!"

इनायत नाक पुढे करून चालू लागल्या आणि मारिसेलच्या शेजारच्या दारापाशी थबकल्या. तिथे वास नुसता दाटला होता. ते घर उस्ताद बाबिकर यांचे. हे सुदानचे निवृत्त मास्तर, म्हणून सगळे उस्ताद म्हणत, एकटेच राहायचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"उस्तादांना कोणी पाहिलंय?"

"परवापासून नाही दिसले," मोतालेब म्हणाला.

दार वाजवले, उत्तर नाही. इनायतनी फोन लावला. आत घंटी वाजू लागली. तिघेही ती थांबेपर्यंत दाराकडे पाहत राहिले.

"गेले!" इनायतनी छाती बडवली. "पोलिसांना बोलवा!"

मारिसेलने तोंड उघडले होते, पण इनायत फोनवर पत्ता सांगू लागल्या होत्या. ती तशीच घरात पळाली.

"खा लवकर! ताट रिकामं कर. पोलीस येतायत."

"मासे खाल्ले म्हणून?"

"वासावरून त्यांना वाटतंय, उस्ताद बाबिकर मेले."

नेस्टरचा घास हातातच राहिला. "मग सांग ना जाऊन, आपला मासा आहे म्हणून!"

"सांगते. मग झोपायचं कुठे? तुझ्या बोटीत?"

नेस्टरने थोडा वेळ चावले. "पण मारी, फोन आत वाजतोय आणि माणूस दार उघडत नाही. वास आपला असला, तरी ते खरंच गेले असतील तर?"

हे तिच्या मनातच आले नव्हते. जिन्यात भेटला की म्हातारा बाजूला होऊन आधी तिला वाट देई. ती घाईत असायची. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे खरोखरच भरून आले होते.

तरुण पोलिसाने मोतालेबकडच्या किल्लीने दार उघडले आणि नाक दाबून आत शिरला. पलंगावर चादर नीट अंथरलेली, पुस्तके रांगेत, फोन टेबलावर. प्रेत तेवढे नव्हते. तो पलंगाखाली वाकून पाहू लागला.

बाहेर जमलेल्या बिऱ्हाडकरूंपुढे इनायत हुंदके देत होत्या. "देवमाणूस हो! रोज सलाम करायचा, मीच मान फिरवायचे. वाटायचं, एकदा बोललं की रोज चहाला येऊन बसेल!"

जिन्यावरून हातात कलिंगड घेतलेला एक म्हातारा आला आणि गर्दीमागे उभा राहून ऐकू लागला. त्याने हळूच विचारले, "कोण गेलं?"

"उस्ताद बाबिकर," मोतालेब डोळे पुसत म्हणाला.

"अरेरे! कधी?"

"परवाच गेले असावेत..." म्हणत मोतालेबने वर पाहिले आणि त्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खळ्ळकन खाली पडला.

उस्ताद शेजारच्या अजमान शहरात पुतण्याकडे गेले होते आणि फोन घरीच विसरले होते. इनायतनी आधी त्यांचा हात चाचपून पाहिला, मग कडाडल्या, "जायचं तर सांगून जावं माणसाने!"

पोलीस बाहेर आला. "मग हा वास कसला?"

बाबिकरांनी हवा हुंगली. त्यांची नजर फिरत फिरत मारिसेलवर आली. तिचे डोळे सुजले होते आणि केसांत लसणाचे साल अडकले होते.

"माझाच," ते म्हणाले. "फसीख आणून ठेवलाय. मिठात मुरवलेला मासा. झाकण सैल राहिलं असणार."

पोलिसाने पुन्हा नाक दाबले. तो दोन दोन पायऱ्या उतरत निघून गेला. मारिसेलच्या जिवात जीव आला. पण इनायतचा चेहरा एकदम बदलला होता.

"फसीख?" त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "आमच्या दमिएतामध्ये वसंताच्या सणाला घरोघरी असायचा! इथे आल्यापासून तोंडात पडला नाही. आणि तुम्ही एकटेच खाणार होता?"

"छे, छे! या ना संध्याकाळी."

बाबिकरांकडे फसीखचे शेपूटही नव्हते. गर्दी पांगल्यावर त्यांनी मारिसेलचे दार वाजवले. "बेटी, तुझी लाज राखली. आता माझी राख. मासा शिल्लक आहे का?"

संध्याकाळी उस्तादांच्या घरी तारली तळली गेली. वर कांदा, लिंबू, शेजारी गरम रोटी. इनायतनी पहिला घास घेतला आणि डोळे बारीक केले.

"हा फसीख नाही."

बाबिकरांचा हात थांबला.

"तुम्हा सुदानी लोकांना मुरवताच येत नाही. नुसता वाळवून ठेवलाय!" म्हणत त्यांनी आणखी दोन मासे वाढून घेतले. मग काहीतरी आठवून त्या बोटे चाटत उठल्या आणि ताटली घेऊन थेट मारिसेलच्या दारात उभ्या राहिल्या.

"मारिसेल, हबीबती, वास येतोय का गं तुझ्याकडे?"

मारिसेलने सावकाश नाकाला रुमाल लावला. "येतोय थोडा."

"आजचा दिवस सोस. मालकाला कळवू नकोस हं. एकटा म्हातारा आहे, खाऊ दे त्याला काय खायचं ते."

आतून नेस्टरला जोराचा ठसका लागला.

"तुम्ही म्हणताय म्हणून गप्प बसते, मादाम."

इनायतनी सुटकेचा श्वास सोडला आणि ताटली तिच्या हातात दिली. "हे घे, चाखून बघ. लाजू नकोस. तुमच्याकडच्या लोकांना पहिल्यांदा उग्र लागतं, पण मग सवय होते."