नियम रणधीरचा, तोंड भरतेशचं

"फासे टाकणं हे ज्यांना बोलता येत नाही त्यांचं काम!" असं भरतेशचं ठाम मत होतं. हे मत त्याला सलग तीन रविवार फाशावर एक पडल्यानंतर सुचलं, ही गोष्ट वेगळी!

खेळ तसा सोपा होता. ब्राह्मी गोष्ट सांगायची, आणि भरतेश व त्याचा मित्र इंद्रजित त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. भरतेश म्हणजे सरदार रणधीर, इंद्रजित म्हणजे कुऱ्हाडवाला कालू. अडचण आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर फत्ते, एक पडला तर फजिती. ब्राह्मी पुण्यात फिजिओथेरपी शिकताना हा खेळ शिकली, सांगलीत नोकरीला आली, आणि दर रविवारी दुपारी भरतेशच्या घरी डाव बसू लागला. पहिल्या रविवारी रणधीर घोड्यावरून पडला, दुसऱ्या रविवारी विहिरीत पडला, आणि तिसऱ्या रविवारी भर दरबारात त्याचं धोतर सुटलं! तेही ब्राह्मीच्या तोंडून, अगदी सविस्तर!

आता गुरुवारी भरतेशची आई गुणमालाकाकू कवठे महांकाळला जाऊन ब्राह्मीच्या घरी मागणी घालणार होत्या. ब्राह्मीला अजून पत्ता नव्हता. त्याआधी तिच्यावर छाप पाडायची, तर असल्या फाशाच्या भरवशावर कशी पडणार?

जिभेचा मात्र भरतेशला भारी अभिमान. बाजारपेठेत त्याचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. हातभर पाइपचा तुकडा घ्यायला आलेला शेतकरी अख्खी मोटार घेऊन जायचा आणि वर याचेच आभार मानायचा! तेव्हा चौथ्या रविवारी त्यानं स्वयंपाकघरात जाऊन साळसूदपणे विचारलं, "आई, आपल्यात फासे चालतात का गं?"

"फासे?" काकूंच्या हातातला झारा हवेतच राहिला. "आपल्या घरात? आरं, सात व्यसनांतलं पहिलं व्यसन हाय ते!"

पाच मिनिटांत फासे इंद्रजितच्या स्कूटरच्या डिकीत जाऊन पडले.

"आता खेळायचं कसं?" इंद्रजित कळवळला. त्याचा फासा म्हणजे हुकमी, पंधराच्या खाली कधी उतरलाच नव्हता.

"पात्रात शिरून बोलायचं!" भरतेश छाती काढून म्हणाला. "समोरच्याला पटलं तर जिंकलं. आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द मागं घ्यायचा न्हाई!"

ब्राह्मीनं गोष्ट सुरू केली. गुहेच्या तोंडाशी एक तपस्वी वाट अडवून बसलाय.

"मी कुऱ्हाड मारतो," इंद्रजित म्हणाला.

"कुणाला मारतोस रं?" आतून काकू.

"तपस्व्याला, काकू!"

काकू भडंगाची परात घेऊन बाहेरच आल्या. "तपस्व्याला? शोभतं का तुला? पिठाचा कोंबडा कापला तरी खरा कापल्याचं पाप लागतं, ध्यानात ठेव!"

कालूनं निमूटपणे कुऱ्हाड खाली ठेवली आणि भडंगाचा बकाणा भरला. रणधीरनंही मूठभर भडंग तोंडात टाकलं; मैदान त्याला मोकळं झालं!

ब्राह्मी आवाज खोल करून म्हणाली, "मोह सोडील तोच आत जाईल. सरदारा, काय सोडतोस?"

"घोडा सोडतो!"

"तो तुला तसाही पाडतो."

"तलवार! सोनं! जहागीर!"

"जे नसलं तरी चालतं तेच सोडतोस," तपस्वी म्हणाला.

भरतेशला चढलं! तो उठला, भिंतीवरच्या भगवंतांच्या तसबिरीकडं तोंड केलं, हात जोडले आणि सुरू झाला. रूप म्हणजे काय, देह म्हणजे काय, नात्यांची गाठ म्हणजे काय! दुकानात मोटारीचे गुण सांगताना लागतो तसा त्याचा आवाज लागला. इंद्रजितचा घास तोंडात राहिला. आणि शेवटी भरतेश गरजला, "मन, वचन, कायेनं, आजपासून आजन्म ब्रह्मचर्य!"

भरतेशनं विजयी मुद्रेनं मागं वळून पाहिलं, तर गुणमालाकाकू त्याला हात जोडून उभ्या! सख्खी आई पोटच्या पोराला हात जोडून! डोळ्यांतून धारा!

"आई, काय झालं?"

"आमच्या कुळात असं कुणी न्हवतं रं झालं," त्या हुंदका देत म्हणाल्या, आणि फोन कानाला लावलासुद्धा. "सुंदरे! आगं, भरतेशनं आजन्म ब्रह्मचर्याचा नियम घेतला! व्हय, आत्ता! भगवंताम्होरं, दोन माणसांदेखत! ये, ये, नारळ घिऊनच ये!"

भरतेशच्या पायाखालची जमीन सरकली! सुंदरीमावशीला सांगणं म्हणजे सांगलीत दवंडी पिटणं. नातेवाइकांच्या ग्रुपवर 'अनुमोदना, अनुमोदना' असे कौतुकाचे निरोप धडाधड यायला लागले. हात जोडलेल्या चित्रांनी त्याचा मोबाइल थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला!

"आई, ते मी न्हाई बोललो! रणधीर बोलला!"

"तोंड कुणाचं हुतं?"

"माझं. पण..."

"मगाशी भडंग कुणी खाल्लं? रणधीरनं? मग पोट तुझं का भरलं?"

भरतेश इंद्रजितकडं वळला. "इंद्या, फासे आण! आपण ते फाशावर ठरवू!"

"नियम फाशावर ठरवतोस?" काकू कडाडल्या. मग खुर्चीत बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि जरा विचार करून म्हणाल्या, "हे बघ, नियमात भाव बघायचा असतो. मनापासनं बोलला असशील तर नियम लागला. नाटकी असंल तर न्हाई. तुमी दोघं साक्षीला हुता. तुमीच सांगा."

बुडत्याला काडी मिळाली! पण काडी कसली, तर आपण भिकार बोललो हे सिद्ध करायचं! भरतेशनं इंद्रजितला डोळ्यांनीच विनवलं.

"काकू, लय भिकार बोलला," इंद्रजित मनापासून म्हणाला. तो फाशांचा सूड घेत होता. "आवं, आमच्या गावच्या जत्रंतलं लाउडस्पीकर बरं! शब्दाला जीव न्हाई, तोंडाला भाव न्हाई!"

"खरंय आई," भरतेश अभिमान गिळत म्हणाला. "मला बोलताच येत न्हाई."

"ब्राह्मी, तू सांग. तू खोटं बोलायची न्हाईस."

ब्राह्मीनं मान खाली घातली. "पाठ केल्यासारखं वाटलं, काकू. मनातलं काही नव्हतं."

"सुटलो!" भरतेश मटकन खाली बसला.

काकूंचा एक डोळा रडत होता आणि दुसरा हसत होता. कुळाचं नाव गेलं, पण सून वाचली! "मग गुरुवारी तुझ्या घरी यायला हरकत न्हाई बाई," असं म्हणत सुंदरीमावशीची रिक्षा माघारी फिरवायला त्या फोन घेऊन आत गेल्या.

"गुरुवारी? आमच्या घरी?" ब्राह्मीनं भरतेशकडं वळून विचारलं. "कशाला?"

हाच तो क्षण! भरतेश उठला. घसा खाकरला. "ते... म्हणजे आई... म्हणजे तुझी हरकत नसंल तर... आपण दोघं... ते पाइप..."

"पाइप?"

"पाइप न्हाई! ते आपलं... जोडणी..."

इंद्रजितनं कपाळाला हात लावला. ब्राह्मीचा चेहरा लालबुंद झाला आणि ती तडकून म्हणाली, "अरे, मगाशी ब्रह्मचर्यावर असा बोललास की माझ्या अंगावर काटा आला! डोळ्यांत पाणी आलं माझ्या! आणि लग्नाचं विचारायला तुला चार शब्द मिळत नाहीत?"

आतलं फोनवरचं बोलणं तटकन थांबलं.

"सुंदरे," काकूंचा आवाज आला, "थांब. रिक्षा फिरवू नगंस. नारळ असू दे हातात."

भरतेश पांढराफटक पडला. त्यानं केविलवाणं होऊन ब्राह्मीकडं पाहिलं.

"माझ्याकडं बघू नकोस," ती डोळे पुसत म्हणाली. "एकदा खोटं बोलले तुझ्यासाठी. दुसऱ्यांदा नाही बोलणार."