संगाबला कुणीच जात नाही

हिवाळा कुठे काढायचा, एवढंच ठरवायचं होतं. ते काम माहरुखनं माझ्यावर सोपवलं. (आमच्या घरातले मोठे निर्णय माझ्याकडेच असतात. चुकल्यावर कुणाला बोलायचं, याची सोय आधीच झालेली बरी.)

माहरुख म्हणजे माझी बायको. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून त्या उन्हाळ्यात ती निवृत्त झाली. लहानपणी वडिलांबरोबर शेमशकच्या उतारांवर ती स्की शिकली होती. पुढे लग्न, मुलगी, शाळा आणि माझी कंबर यांच्या व्यापात डोंगर उरला तो स्वयंपाकघराच्या खिडकीत. तेहरानमध्ये भांडी विसळताना मान वर केली की समोर तो पांढराशुभ्र उभा असतो. एके दिवशी हातातलं पातेलं खाली ठेवून ती म्हणाली, "इराज, यंदाचा हिवाळा मी खिडकीतून बघणार नाही. पहिला बर्फ पडला की निघायचं आणि वसंतात नवरोजला परत यायचं. दार उघडलं की पाय बर्फात पडला पाहिजे."

मी जमीन-नोंदणीच्या कचेरीत कारकून. माझी रजा साठून साठून तिला बुरशी यायची वेळ आली होती. मी जोमानं शोधाला लागलो.

तोचाल सगळ्यात सोयीचं वाटलं. शहरातूनच दोरावरच्या पाळण्यात बसायचं, वर जायचं, संध्याकाळी घरी. माहरुख म्हणाली, सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं, याला नोकरी म्हणतात. दिझीनला बर्फ वसंतापर्यंत टिकतो, पण तिथली तरुण मंडळी असे झगमगीत कपडे घालतात की माझ्या लोकरी टोपीत कुणी नाणं टाकलं असतं. शेमशक तिच्या ओळखीचं, पण तिथले उतार म्हणजे भिंती. मला स्वतःला स्की येत नाही. माझ्या अटी दोनच होत्या, शेगडीजवळची जागा आणि नर्दचा फाशांचा पट मांडायला जोडीदार. (तिला मात्र मी 'बर्फाचा दर्जा' तपासतोय असं सांगत होतो.)

घोळ झाला तो माझ्या सभ्यपणामुळे. आमच्याकडे काकडी सोलतानासुद्धा शेजारच्यापुढे अर्धी धरतात, आणि शेजारचा 'नको नको, तुम्हीच घ्या' म्हणतो. दुनिया या नको-नकोवर चालते. रजेवर सही करताना आमच्या नोबख्तीसाहेबांनी कुठे निघालात म्हणून विचारलं. मी म्हणालो, बहुतेक दिझीन, पण तुमच्याशिवाय मजा नाही, तुम्हीही या. साहेबांनी पेन खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "एवढा आग्रहच आहे तर येतो. आमच्या हिच्या, तूरानच्या गुडघ्यांनाही हवापालट होईल."

जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल शोकूही भेटले. त्यांनाही मी तेच म्हणालो, तेही येतो म्हणाले. फोनवर माहरुखचा भाऊ सियामक होता. तो तर आईलाही घेऊन येतो म्हणाला. माझी सासू. वर मी प्रत्येकाला सांगितलं की बूट आणि स्की भाड्यानं घ्यायच्या तर याव्हरच्या दुकानातून घ्या, माणूस विश्वासू आहे. उपकार करायचे तर पुरते करावेत.

हे मी घरी सांगितलं तेव्हा माहरुख भाजी निवडत होती. मला वाटलं होतं, ओरडेल. ती ओरडली नाही, तेव्हा मला भीती वाटली.

"अख्खं आयुष्य मी शाळेच्या घंटेवर काढलं," ती म्हणाली. "एक हिवाळा मागितला होता. तो तू जिन्यात वाटून टाकलास."

त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, आणि मीही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी याव्हरच्या दुकानात गेलो आणि हळूच विचारलं की जिथे कुणीच जात नाही अशी एखादी जागा आहे का. याव्हरनं दुकानाचं दार लोटून घेतलं. संगाब म्हणून एक खेडं आहे, म्हणाला. रस्ता तिथेच संपतो. दोरीला धरून वर जायची एकच जुनी लिफ्ट आहे, एक चहाचं दुकान आहे, आणि उतार असा की सकाळी त्याच्यावर फक्त कोल्ह्याची पावलं. त्याची बहीण गुलअंदामखानुम खोल्या भाड्यानं देते. "पण कुणाला बोलू नका," तो म्हणाला. "मी हे कुणालाच सांगत नाही."

माहरुखचा चेहरा उजळला. वडील या संगाबबद्दल बोलायचे, पण तिथे न्यायचं राहूनच गेलं होतं.

आता थापा मारणं आलं. माहरुख आजारी आहे, बेत रद्द, असं मी साहेबांना सांगितलं. साहेब हळहळले आणि म्हणाले की त्यांनाही मेव्हणीकडे इस्फहानला जावंच लागतंय. कर्नलना शिराझहून मुलाचं बोलावणं आलं होतं. सियामकच्या पोरांच्या परीक्षा होत्या. सगळं इतकं सुरळीत जमलं की आपण कारकुनीत उगाच आयुष्य घालवलं, परराष्ट्र खात्यात जायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

निघायच्या दिवशी पहाटे मी स्की गालिच्यात गुंडाळून खाली आणल्या, तर दारात कर्नल. त्यांच्याही खांद्यावर गुंडाळलेला गालिचा. मी म्हणालो, धुवायला नेतोय. तेही म्हणाले, धुवायला नेतोय. भर थंडीत, गालिचे धुवायचा नवरोजचा सण इतका लांब असताना, आम्ही दोघांनी एकमेकांच्या स्वच्छतेचं कौतुक केलं आणि आपापल्या गाडीत गालिचे ठेवले.

संगाब याव्हरनं सांगितलं होतं तसंच निघालं. माहरुख भल्या सकाळी वर जायची आणि त्या कोऱ्या उतारावरून वळणं घेत खाली यायची. चहाच्या दुकानाच्या खिडकीतून मी बघत बसायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई अशी असते हे मला माहीत नव्हतं. भांडी घासताना ती वाकलेली असायची. इथे वाकायची तेव्हा वाऱ्याला वळायला शिकवतेय असं वाटायचं.

आठवडाभरात एका सकाळी खिडकीतून बघतो तर लिफ्टच्या दोरीला लोंबकळत कर्नल वर चाललेले. मी झटकन मफलर डोळ्यांपर्यंत ओढला आणि कोपऱ्यातल्या बाकावर सरकलो. तिथे आधीच एकजण मफलर डोळ्यांपर्यंत ओढून बसला होता. आम्ही दोघं मफलरखालून चहा प्यायचा प्रयत्न करू लागलो. त्याला ठसका लागला. तो ठसका मी रोज कचेरीत ऐकत आलो होतो.

"साहेब," मी हळूच म्हणालो, "इस्फहान कसं काय?"

मफलर आणखी वर सरकला. मग म्हणाला, "थंडी आहे. तुमच्या खानुमची तब्येत?"

त्याच क्षणी माहरुख खिडकीसमोरून बर्फ उडवत सुसाट गेली.

"उतार आहे म्हणायचा," साहेब म्हणाले.

मग उलगडा झाला. मी त्यांना टाळत होतो तसे तेही मला टाळत होते. कचेरीत वर्षभर बघतो त्याच तोंडाबरोबर हिवाळाही काढायचा, या कल्पनेनं साहेबांना झोप येईना. नर्दमध्ये मी चाल करायला फार वेळ लावतो, असं कर्नलचं म्हणणं. म्हणून प्रत्येकजण मी सुचवलेल्या विश्वासू याव्हरकडे गेला, आणि जिथे कुणीच जात नाही अशी जागा विचारून आला. याव्हर आपल्या बहिणीच्या खोल्या भरत होता. दुपारी सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवून सियामकची जीप आली, तेव्हा कुणाला आश्चर्यही वाटलं नाही. पाठोपाठ बर्फ सुरू झाला आणि खालचा रस्ता बंद पडला.

आता माहरुखला सांगायचं होतं. मी गुडघाभर बर्फातून धडपडत उतारावर गेलो आणि गालिच्यापासून सासूबाईंपर्यंत सगळं सांगून मान खाली घातली. तिचे खांदे हलताना दिसले. रडतेय असं वाटून मी पुढे झालो, तर ती बर्फात बसकण मारून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बाबा गेल्यापासून बर्फात मी इतकी हसले नव्हते," ती म्हणाली. मग डोळे पुसून खाली बघितलं. तिथे साहेबांच्या तूरानखानुम एक स्की उलटी बांधून, दुसरी काखेत धरून उभ्या होत्या. माहरुखला राहवलं नाही. "ती सोडा आधी, आणि गुडघे थोडे वाकवा," तिनं वरूनच हाक दिली. तो शाळेतला आवाज होता. तूरानखानुमच काय, मागे कर्नलनीही गुडघे वाकवले.

उरलेला हिवाळा असाच गेला. सकाळचा कोरा उतार माहरुखचा एकटीचा, तेव्हा तिथे कुणी फिरकायचं नाही, हा नियम सासूबाईंनी घातला. नंतर शाळा भरायची. कर्नल हुकूम पाळायला शिकले. तूरानखानुमचे गुडघे नवरोजपर्यंत साहेबांच्या पुढे पळू लागले. सासूबाई पोरांच्या घसरगाडीवर बसून खाली यायच्या आणि पुन्हा वर न्यायला सांगायच्या. संध्याकाळी गुलअंदामखानुमच्या शेगडीवर आशच्या दाट सूपचं पातेलं रटरटायचं आणि सगळे एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' म्हणत ते थंड करायचे. मीसुद्धा एकदा अख्खा उतार उतरलो. (बसून. पण उतरलो.)

यंदा पहिला बर्फ पडला तेव्हा मी माहरुखला विचारलं, काय, यंदा कुठे? ती म्हणाली, ठिकाण ठरलंय. कर्नलना माहीत आहे, तूरानखानुमना माहीत आहे, सियामकला आणि आईलाही माहीत आहे. फक्त तुला गाडी डोंगराला लागेपर्यंत सांगायचं नाही, असं सर्वांनी मिळून ठरवलंय.

मला वाईट वाटलं. वाटेत खायला पाव घ्यायला मी कोपऱ्यावरच्या भट्टीवर गेलो. निघताना सहज, म्हणजे सभ्यपणानं, पाववाल्याला म्हणालो की आम्ही उद्या डोंगरात चाललोय, तुम्हीही या.

"येणार आहे ना," पाव कागदात गुंडाळत तो म्हणाला. "खानुमनी पत्ता दिलाय. पण तुम्हाला सांगू नका म्हणाल्यात."